गमरे सरांचा दुसरा बॅनर

प्रिय गमरे सर,

तुमचा बॅनर बनवायला बसलोय. सहा बाय चारचा. बबनशेठ जेवायला घरी गेलाय, फ्लेक्सचं मशीन बंद आहे, दुकानात मी एकटाच. स्क्रीनवर तुम्ही हसताय आणि माझा हात माऊसवर नुसता पडून आहे. तासभर झाला. म्हटलं आधी तुम्हाला लिहून टाकू, मग हात चालेल. तुम्हाला कधी रजेचा अर्ज लिहून दिला नाय, पोटात दुखतंय म्हणून पळायचो. आणि आता हे एवढं मोठं पत्र! शुद्धलेखनाला हसा हवं तर. तुम्ही हसायचा ते मला आवडायचं.

सर, तुमचा फोटो कापायला मला वेळ लागायचा नाय. कापलेला तयारच आहे. दोन वर्षांपूर्वीचा. दोन कॉम्प्युटर बदलले पण ते फोल्डर काय मी पुसलं नाय. आज कोणाला सांगू की मी तुमचा मयताचा बॅनर तुम्ही जिवंत असतानाच एकदा बनवून ठेवलाय? तुम्हाला तर माहीतच आहे.

आई मला तुमच्या क्लासला घेऊन आली तो दिवस आठवतो का? दहावीला दोनदा आपटलो होतो. रेवसच्या रस्त्यावर ती तुमची खताच्या दुकानामागची खोली, सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू. तुम्ही विचारलंत, "याला काय येतं?"

आई म्हणाली, "लोकांना छळायला येतं. दुसरं काय पण न्हाय येत."

"मग जमेल," तुम्ही म्हणालात. "चित्रात पण तेच करायचं असतं. डोळ्याला फसवायचं. सपाट काचेवर गोल दाखवायचा, नसलेला उजेड दाखवायचा."

आई बघतच राहिली. मला मात्र पहिल्यांदाच वाटलं, च्यायला, ही शाळा आपली आहे! सॉरी सर, तोंडात येतं.

दुसरे मास्तर पुस्तकातून शिकवतात. तुम्ही आम्हाला मिठागराच्या बांधावर नेलंत. उन्हात उभं केलंत आणि म्हणालात, "खाली उतरून एक वाफा जवळनं बघा. काय दिसतं?" पाणी दिसत होतं. बाजूच्या वाफ्यात पण पाणीच. थोडं काळपट, थोडं पांढरं, एवढाच फरक. मग वर बोलावलंत. "आता लांबनं बघा." सगळ्या वाफ्यांत मिळून आख्खं आभाळ पडलं होतं, ढगासकट. "एकेक वाफा म्हणजे एकेक पिक्सेल. एकट्याला काय अर्थ नाय. सगळे मिळून चित्र." माझा बाप त्याच मिठागरात जन्मभर राबला सर, त्याने मला असं काय कधी दाखवलं नव्हतं. त्याला तरी कोणी दाखवलं होतं?

आणि ते जाळं! थ्रीडी शिकवायचं होतं तर तुम्ही धक्क्यावरनं कोणाचं तरी पागेरं मागून आणलंत. मी शेवटच्या बाकावर पोरींना कोळंबीचे आवाज काढून दाखवत होतो. कोळंबीला आवाज नसतो, तीच तर गंमत होती. तुम्ही मागून आलात आणि ते जाळं माझ्या डोक्यावरनं टाकलंत.

"बघा. नाक आलं तिथं जाळ्याचे चौकोन वाकले, गालावर ताणले. कॉम्प्युटर असंच बघतो माणसाला. हा रुपेशचा सांगाडा. आत काय आहे?"

"काय नाय सर!" आख्खा वर्ग ओरडला.

"बरोबर. आत पोकळ असतो."

तीन दिवस माझ्या केसांना मासळीचा वास येत होता. मी चिडलो होतो का? अजिबात नाय. माझी कोणीतरी बरोबरीने मस्करी केली, याचंच मला भारी वाटलं.

पण खरं डोकं उघडलं ते बटाट्याने. तुम्ही खिडकीला चादर लावलीत, टेबलावर एक बटाटा ठेवलात आणि बॅटरी माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "उजेड कुठून येतो ते आधी ठरव. बटाटा नंतर. उजेड ठरला की सावली कुठे पडणार ते आपोआप ठरतं. जो आधी बटाटा काढतो आणि मग सावली चिकटवतो, त्याचं खोटं पकडलं जातं." मी बॅटरी फिरवत होतो आणि सावली माझ्या मागे कुत्र्यासारखी पळत होती. मग आपण तो बटाटा उकडून खाल्ला. अकराजणांत एक बटाटा!

हे सगळं शिकलो सर. मन लावून शिकलो. आणि त्याचं काय केलं?

आपण श्रीवर्धनला सहल काढलेली ना, तिथल्या सुपारीच्या वाडीत उजेड कसा गळतो ते बघायला. मी तुमची एक चप्पल सुपारीच्या आळ्यात लपवली. तुम्ही एका पायात चप्पल घालून अर्धी वाडी फिरलात, आणि सापडल्यावर असे हसलात की मी फोटो काढला. निळा शर्ट, डावीकडून ऊन, उजवा गाल सावलीत. तुमचा एवढा चांगला फोटो दुसरा नाय. तुमच्या घरी काकू पण तेच म्हणाल्या.

त्याच फोटोने मी तुम्हाला मारलं.

त्या आठवड्यात तुम्ही डोळे दाखवायला मुंबईला भावाकडे गेला होता. क्लास बंद. मला कंटाळा आला, दुसरं कारण नाय. देवाशप्पथ, राग नव्हता, काय नव्हतं. क्लासमध्ये सरावाला वाढदिवसाचे बॅनर करून करून वीट आला होता, म्हटलं जरा वेगळं करू. हार घातला, पणती ठेवली, वर ॐ टाकला, "कैलासवासी गमरे सर, भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. मला वाटलं पोरं हसतील, तुम्ही आल्यावर तुम्हाला दाखवू, तुम्ही पण हसाल. एका मित्राच्या मुंबईच्या नंबरवरून क्लासच्या ग्रुपवर सोडलं. अर्ध्या तासात ते कुठल्या कुठे गेलं. गावच्या ग्रुपवर, पंचायतीच्या, महिला मंडळाच्या.

तुमचा फोन लागत नव्हता. तुम्ही भाऊच्या धक्क्यावरनं लाँचमध्ये बसला होता आणि चार्जिंग संपलं होतं. हे मला नंतर कळलं. तोपर्यंत तुमच्या अंगणात बायका जमल्या होत्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या म्हणे, रडत पण नव्हत्या. शेजारच्या म्हातारीने काकूंच्या हातातल्या बांगड्या काढायला घेतल्या. निघेनात. दोन फोडल्या.

मी कुठे होतो? मी सुरूच्या बनात लपून बसलो होतो सर. पहिलं हसू आलं, मग ते पण आटलं. पुढे होऊन "खोटं आहे, मी केलंय" एवढं बोलायला किती वेळ लागला असता? एक मिनिट? मी ते एक मिनिट काय दिलं नाय. दीड तास काकू विधवा होत्या, आणि मी झाडाला टेकून बसून होतो.

मग तुम्ही आलात. हातात पिशवी. अंगणात साठ-सत्तर जोड चपला बघून तुम्ही दारातच थबकलात. आईने मला सांगितलं, तुमचं पहिलं वाक्य होतं, "माझ्या दारात एवढ्या चपला? कोण गेलं?" आणि काकू उठल्या, तुमच्या तोंडावरनं हात फिरवला, नाक, कान सगळं चाचपलं, आणि मग पिशवीतल्याच पावाच्या पुड्याने तुम्हाला बडवलं. लोक हसत सुटले. पण तुम्ही हसला नाय म्हणे. तुम्ही काकूंचे हात बघत होता. "बांगड्या फोडायच्या नाहीत म्हणून मी गावभर भाषणं देतो," एवढंच तुम्ही बोललात, "आणि माझ्याच घरात."

गावाला वाटलं मुंबईच्या कोणी तरी टवाळाचं काम असेल. मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तुम्ही मोठ्या स्क्रीनवर तेच चित्र लावलंत. तुम्ही छडी घेतली, म्हणालात, "कोणी केलं ते मला विचारायचं नाय. काम तपासू." आणि तपासलंत! आपलंच मयत तपासलंत!

"चेहऱ्यावर उजेड डावीकडून, हाराची सावली पण डावीकडे. म्हणजे आकाशात दोन सूर्य. चूक एक. कानामागचे केस कापायचा कंटाळा केलाय, मागचं सुपारीचं पान तसंच राहिलंय. चूक दोन. आणि कैलासवासी. आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात कालकथित लिहितात, ॐ टाकत नाहीत. ज्याच्या घराचं काम करतो त्याच्या घरात काय चालतं हे ठाऊक नसेल तर काम करू नये. चूक तीन, आणि हीच मोठी." मग फळ्यावर लिहिलंत, दहापैकी सहा.

वर्ग खिदळला. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? मीच! हसलो नसतो तर पकडलो गेलो असतो ना.

क्लास सुटल्यावर तुम्ही वायर गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "रुपेश, कानामागे केस सोडायची सवय या वर्गात एकाचीच आहे."

मी वायरचं दुसरं टोक उचललं.

"मी तुला डोळ्याला फसवायला शिकवलं. माणसाला नाय. काकूंना भेटून ये."

"येतो सर. उद्याच."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! एक कानाखाली मारली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. तुम्ही फक्त "भेटून ये" म्हणालात, ते काय मला पेललं नाय.

तुम्ही आठ दिवसांनी विचारलंत, "गेलास?" म्हटलं, "आज जातो." महिन्याने विचारलंत. म्हटलं, "गेलो होतो, काकू घरी नव्हत्या." ते पण खोटं, तुम्हाला कळलं पण असणार. दोनदा खरंच तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो सर. काकू वाल सोलत ओट्यावर बसल्या होत्या. हातात बांगड्या होत्या, हिरव्या. मी वळलो. मग तुम्ही विचारायचं बंद केलंत. क्लासमध्ये तसेच बोलायचा, शिकवायचा, बबनशेठकडे काम पण तुम्हीच लावून दिलंत. पण विचारलं नाय परत. तुम्ही थकला होता का, की मला सूट दिली होती?

आणि मागच्या मंगळवारी सकाळी गावच्या ग्रुपवर तुमच्याच नंबरवरून आलं. "गमरे सर आज सकाळी गेले. अंत्यविधी दुपारी तीन वाजता."

तुमच्या नंबरवरून, सर! गेलेला माणूस स्वतःच कळवतोय! लोकांनी हसायच्या बाहुल्या टाकल्या. कोणी लिहिलं, "या वेळी हार विसरलात." कोणी लिहिलं, "परत एकदा?" आणि मला वाटलं, सर दोन वर्षांनी उट्टं काढताहेत. एवढा आनंद झाला! वाटलं, चला, आता फिटंफाट, आता सरांसमोर मान वर करून उभं राहता येईल. मी लिहिलं, "सर, या वेळी मी मार्क देतो. दहापैकी दोन. फोटो कुठे आहे?"

ते अजून तिथेच आहे. पुसलं तर पुसलेलं दिसतं, ठेवलं तर वाचवत नाय.

घरी आलो तर आई मासळीची पाटी उतरवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय रं, परत तोच उद्योग केलास?"

परत! म्हणजे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "मी नाय केलं. सरांनीच केलंय."

ती पाटी तशीच धरून उभी राहिली. "गमरे मास्तर बायकोला दोनदा रडवेल? येडा हायस काय तू?"

तेव्हा मला कळलं. मी पळत क्लासकडे गेलो. शटर अर्धं वर होतं. बाहेर तुमच्या चपला, धुळीने आत घाण नको म्हणून तुम्ही काढायचा तशाच, भिंतीला समांतर. तुम्हाला अनवाणीच नेलं होतं. शटर उचलता उचलता खाली बसलात ते उठलाच नाय, खतवाल्याने सांगितलं. ग्रुपवरचा निरोप पण त्यानेच तुमच्या फोनवरनं टाकला होता. मी त्या चपला उचलल्या. एकदा लपवली होती ना त्यातली एक? आता मी दोन्ही छातीशी धरून रस्त्यावर उभा होतो, आणि कोणाला द्यायच्या ते कळत नव्हतं.

तीन वाजता स्मशानात आम्ही अकराजण होतो. तुम्ही आख्ख्या पट्ट्यातल्या पोरांना शिकवलंत आणि खांदा द्यायला माणसं आळीपाळीने तीच तीच. त्रिसरण पंचशील म्हणताना आवाज पण नीट भरला नाय. बाकी गाव घरी हसत होतं. संध्याकाळी खरं कळल्यावर माणसं आली, पण तेव्हा काय, राखेला भेटायला?

खोट्या मयताला सत्तर जोड चपला आणि खऱ्याला अकरा. हे माझं काम, सर. याला दहापैकी किती?

आज सकाळी काकू दुकानात आल्या. रविवारी पुण्यानुमोदन आहे, जलदान विधी आहे. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत. हात मोकळे नव्हते, बांगड्या तशाच होत्या. या वेळी तुम्ही सांगितलेलं त्यांनी पाळलं सर, कोणाला हात लावू दिला नाय. मोबाईल पुढे केला. श्रीवर्धनचा फोटो.

"हाच लाव."

"हो काकू."

"कालकथित लिही. आदरांजली लिही. उजेड डावीकडनं आहे." मग म्हणाल्या, "आणि कानामागचे केस नीट काप."

माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. "काकू, तुम्हाला कोणी..."

"त्यांनीच. त्याच दिवशी रात्री जेवताना. मी म्हटलं, पोलिसात जा. ते म्हणाले, थांब, पोरगा येईल स्वतःहून. मी म्हटलं, नाय येणार. ते म्हणाले, लाव पैज." काकू चक्क हसल्या. तसं हसू मी कोणाचं बघितलं नाय. "गेल्या दिवाळीपर्यंत म्हणत होते, येईल गं. उशिरा येणारं पोरगं आहे, तासाला पण उशिराच येतं."

मी मोबाईल परत त्यांच्या हातात दिला.

"पैज हरले ते, रुपेश," काकू म्हणाल्या आणि छत्री उचलून गेल्या.

तेव्हापासून बसलोय. बॅनर करीन, सर. पण बॅनर लावून काय होणार? तुमच्या मरणाच्या चित्रावर या गावात आता कोणाचा भरवसा नाय. तो मीच घालवलाय. आई सांगते, पूर्वी मयताचा निरोप माणूस घेऊन जायचा. उन्हातान्हात चालत, दारात उभा राहून, चप्पल न काढता सांगायचा आणि पाणी न पिता पुढे जायचा. त्याच्या तोंडाकडे बघूनच लोकांना खरं वाटायचं.

म्हणून ठरवलंय. हात आता चालेल, बॅनर तासाभरात होईल. सावली उजवीकडे, केस एकेक. ॐ नाय, पणती नाय. मग तो बॅनर इथेच ठेवून मी चालत निघतो. रविवारपर्यंत या पट्ट्यातल्या तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या दारात जाईन. सांगेन, "गमरे सर खरंच गेले. रविवारी या. आणि मागच्या वेळचं खोटं माझं होतं." एकेका दारात शिव्या खाईन. कोणी मारलं तर मार पण खाईन. रविवारी तुमच्या अंगणात चपला मावायच्या नाहीत, हा माझा शब्द.

पण पहिलं दार तुमचं. तुमच्या चपला अजून माझ्याकडेच आहेत, त्या पण द्यायच्यात. काकू ओट्यावर असतील. काय बोलायचं ते पाठ केलेलं नाय, पाठांतर मला कधी जमलं? एवढंच सांगेन की ते एक मिनिट मी दिलं नाय, ते घेऊन आलोय, दोन वर्षं उशिरा. आता स्वतःहून आलो असं म्हणता यायचं नाय, काकूंनीच सांगून टाकलं. त्याचे मार्क कापा.

पण सर, एक विचारतो. पैजेला तारीख ठरवली होती का तुम्ही? नसेल ना? मग काकूंना म्हणावं, घाई करू नका.

हा निघालो.

तुमचा,
रुप्या
(हजेरीत रुपेश, नेहमी उशिरा)